राग कोणाचा

क्षमावणीच्या दिवशी हल्ली मोबाईल सकाळपासून टिंगटिंग वाजत असतो. जोडलेले हात, कमळं, मन-वचन-कायेनं काही चुकलं असेल तर वगैरे. वर्षभरात ज्यांच्याशी एक शब्द बोललो नाही, त्यांचीही क्षमा मागून होते. आणि ज्या एका माणसाची खरंच मागायची असते, ते पलीकडे स्वयंपाकघरात भाकरी थापत असतं. दुसऱ्यांना नावं ठेवत नाही, माझंच सांगते आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी पंचेचाळिशी नुकतीच उलटली होती. बेळगावातलं आमचं घर एकत्र, दोघी जावा, चूल एक. त्या वर्षी मला काय झालं होतं ते मलाच कळत नव्हतं. भूक भरपूर, पण वजन उतरत चाललेलं. पौषातल्या थंडीतही मी पंखा लावून झोपायची, आणि झोप तरी कुठली? छातीत धडधड. बसदीत पूजेला बसले की हातातले अक्षता थरथरून ताटाबाहेर पडायचे. दारातल्या रांगोळीची रेघ सरळ येईना. घरात सगळ्यांनी एकच निदान केलं, पाळी जायची वेळ आली आहे तिची. आणि राग! तो तर काडेपेटीसारखा. कशावरही घासला की पेटायचा.

माघातली संध्याकाळ. सासूबाई रात्री काही घेत नसत. सूर्यास्ताच्या आत पेलाभर दूध, एवढंच. धाकटीनं दूध गॅसवर ठेवलं, तेवढ्यात तिला कुणाचा फोन आला आणि दूध सगळं उतू गेलं. भांड्यात तळाशी कपभर राहिलं. बाहेर ऊन भिंतीवरून उतरत होतं. खरं तर कपभर पुरलं असतं, शेजारूनही आणता आलं असतं. पण मी म्हणाले, "अंगाखांद्यावर लेकरू नाही, संसाराचा व्याप नाही, तरी एक दूध सांभाळता येईना?"

लग्नाला बारा वर्षं झालेली बाई ती. गॅस पुसता पुसता तिचा हात थांबला. मग पुन्हा पुसायला लागली. सासूबाईंनी त्या दिवशी दूध घेतलं नाही.

चैत्रात माझं रक्त तपासलं. टीएसएच साधारण 0.4 ते 4 च्या मध्ये असावं लागतं, माझं 0.01 च्याही खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉईड जोरात चालली आहे. मला आधी उलटं वाटलं, आकडा कमी म्हणजे ग्रंथी मंद असणार. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी, वजन पंधरा-वीस ग्रॅम. ती जो स्राव रक्तात सोडते, त्यावर शरीराच्या शेगडीची आच अवलंबून: हृदय किती पळणार, अन्न किती वेगानं जळणार, अंग किती तापणार. पण ती स्वतःच्या मनानं काम करत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे, तिच्याकडून निरोप येतो. तो निरोप म्हणजे टीएसएच. रक्तात स्राव कमी पडला की निरोप वाढतो, जास्त झाला की निरोप थांबतो. माझ्या रक्तात स्राव इतका झाला होता की पीयूषिकेनं निरोप पाठवणंच बंद केलं होतं, आणि तरी ग्रंथी थांबत नव्हती. कारण माझ्याच शरीरानं तयार केलेली काही प्रतिद्रव्यं त्या निरोपाची नक्कल करून ग्रंथीच्या दारावर सारखी थाप मारत होती. सासूबाई गप्प बसल्या आहेत, आणि त्यांच्या आवाजात दुसरंच कुणी "अजून वाढ, अजून वाढ" म्हणतंय. वाढणारीनं काय करावं?

घरी आल्यावर यांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे तो राग तुझा नव्हताच की. ग्रंथीचा होता." मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. दोन वर्षांचा ढिगारा कुणीतरी अंगावरून उचलला असं वाटलं. रिपोर्टचा कागद मी देवघराच्या कपाटात जपून ठेवला, निर्दोष सुटल्याचं सर्टिफिकेट असल्यासारखा.

गोळ्या सुरू झाल्या. लगेच गुण येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गोळी नवा स्राव तयार होऊ देत नाही, पण ग्रंथीत काही आठवड्यांचा साठा आधीच असतो, तो संपेपर्यंत वाट बघायची. मला हसू आलं. नवं आत येऊ द्यायचं नाही आणि जुनं झडू द्यायचं, हे तर संवर आणि निर्जरा झालं. आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं की सगळं आपल्या शास्त्रात आधीच लिहिलेलं आहे. मला ते पटत नाही. आपल्या आचार्यांना गळ्यातली ग्रंथी ठाऊक होती असं म्हणण्यात त्यांचा काही मान वाढत नाही. ते वेगळ्या गोष्टीचा विचार करत होते. उपमा जुळते म्हणून दोन गोष्टी एक होत नसतात.

पण उपमेनं मला स्वाध्यायाच्या वर्गात नेलं खरं. तिथे त्या दिवसांत समयसार चाललं होतं. आत्मा पुद्गलकर्माचा कर्ता नाही, हे वाक्य कानावर पडलं आणि मी ते घट्ट धरलं. स्राव म्हणजे पुद्गल. शरीर पुद्गल. रागानं लाल झालेला चेहरा पुद्गल. मग मी कोण? मी नुसती बघणारी. वर्ग संपल्यावर शिकवणाऱ्या ताईंना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या वयानं माझ्याहून लहान. म्हणाल्या, "काकू, पुद्गलाचा कर्ता नाही हे बरोबर. पण स्वतःच्या भावांचा कर्ता तोच आहे, हेही त्याच ग्रंथात आहे. अर्धंच घेऊन घरी जाऊ नका." मी अर्धंच घेऊन गेले.

आषाढात रिपोर्ट चांगला आला. धडधड गेली, झोप यायला लागली, रांगोळी सरळ आली. धाकटीशी मात्र बोलणं नव्हतंच. ती कामापुरतं बोलायची, "अक्का, मीठ संपलंय" एवढं. मी तेवढंही नाही. मला तिचा राग आला होता. माझ्या आजाराचं कळलं तरी ही मनातून काढत नाही, याचा राग.

इथे थोडं थांबून हिशेब मांडते, कारण याच हिशेबानं माझं सर्टिफिकेट फाडलं.

राग येतो तेव्हा मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय पळतं, श्वास वाढतो, हातापायांत रक्त धावतं. हे रसायन रक्तात फार टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. त्याच्या जोडीचं कॉर्टिसॉल जरा रेंगाळतं, तास-दीड तासात तेही निम्मं. थायरॉईडचा मुख्य स्राव सगळ्यांत चिवट, त्याला निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे शरीराचा राग मिनिटांचा, तासांचा, फार तर काही आठवड्यांचा. आपल्याकडे क्रोधाचे चार प्रकार रेघांच्या उपमेनं सांगतात. पाण्यावरची रेघ, धुळीतली, जमिनीवरची आणि दगडावरची. पाण्यावरचा क्रोध, संज्वलन, त्याचा संस्कार अंतर्मुहूर्ताचा. धुळीतला पंधरा दिवस. जमिनीवरचा सहा महिने. सहा महिन्यांपलीकडे टिकला तर तो दगडावरचा, अनंतानुबंधी, जन्माजन्मांना चिकटणारा. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केलं होतं, बक्षीसही मिळवलं होतं. माघ ते भाद्रपद, बोटांवर मोजले मी. सात महिने होत आले होते. त्यातले शेवटचे दोन तर माझा टीएसएच अगदी बरोबर होता. दगडावर रेघ ओढायला ग्रंथी नव्हती, मी होते.

तरी क्षमावणीला मी गेले ती कागद घेऊनच. अनंत चतुर्दशी झाली, दुसऱ्या दिवशी बसदीतून आल्यावर मी वर तिच्या खोलीत गेले. हात जोडले. आणि क्षमा मागायच्या ऐवजी थायरॉईड समजावून सांगायला लागले. पीयूषिका, निरोप, नक्कल, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्का, राग ग्रंथीनं दिला असेल. शब्द कुणी दिले?"

मी गप्प.

"आणि मला ह्या हार्मोनांची नावं तुमच्याआधीपासून पाठ आहेत," ती म्हणाली. "एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन. बारा वर्षं रिपोर्टच वाचतेय की मी. तेव्हा कोणी म्हटलं नाही मला, हे तुझं नव्हे, ग्रंथीचं आहे म्हणून."

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"शब्द कुणी दिले" हा प्रश्न मी पुढे कितीतरी दिवस घेऊन फिरले. हार्मोन हा शब्द 1905 साली लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञानं रूढ केला, तोही ग्रीक क्रियापदावरून. त्याचा अर्थ चेतवणं, चालना देणं. करणं नव्हे, चेतवणं. तीन वर्षांआधी त्यानं आणि विल्यम बेलिस यानं दाखवलं होतं, की आतड्याच्या नसा तोडल्या तरी आतडं स्वादुपिंडाला निरोप पाठवतं, आणि तो रक्तातून जातो. प्रयोग कुत्र्यावर झाला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. 1903 मध्ये याच शास्त्रज्ञांच्या कुत्र्यावरच्या एका प्रयोगाविरुद्ध दोन स्वीडिश तरुणींनी आवाज उठवला, त्यावरून कोर्टकचेरी झाली, आणि 1906 मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळाही उभा राहिला. माझ्या गोळीमागे असे किती मुके जीव आहेत, त्यांची क्षमा कोणत्या दिवशी मागायची, तो लेख वेगळा.

दुसरी एक गोष्ट मला जास्त लागली. 1924 साली माद्रिदच्या ग्रेगोरियो मारान्योन या डॉक्टरनं माणसांना अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देऊन काय वाटतं ते विचारलं होतं. बहुतेकांचं हृदय धडधडलं, हात कापले. पण ते म्हणाले, भीती वाटावी तसं होतंय, भीती मात्र वाटत नाही. खरा भावनेचा उमाळा थोड्यांनाच आला. त्यांत असे होते, की ज्यांच्याशी आधी त्यांच्या आजारी मुलांबद्दल किंवा वारलेल्या आईवडिलांबद्दल बोलणं झालं होतं. म्हणजे आच रसायनाची. पण वर भांडं ठेवलेलं नसेल तर नुसतीच आच. माझ्या भांड्यात बारा वर्षांपासून काय शिजत होतं? पहिला मुलगा, दुसरी मुलगी, मी घरची भरली ओटी, आणि ती रिकामी. सणावारी तिला मागे ठेवून मला पुढे केलं जायचं तेव्हा मी एकदाही "अगं, तू ये" म्हटलं नव्हतं. ग्रंथीला मराठी येत नाही. लेकरू, अंगाखांदा, व्याप, हे शब्द तिनं निवडलेले नव्हते.

निमित्त आणि उपादान हा आपल्या स्वाध्यायातला नेहमीचा वाद. मातीचं मडकं होतं, त्याला कुंभार निमित्त, माती उपादान. नुसतं उपादान खरं मानून निमित्ताला झटकून टाकणारे एकीकडे, सगळं खापर निमित्तावर फोडणारे दुसरीकडे. मी दुसऱ्यांतली. पण पहिल्यांचंही मला खरं वाटत नाही, आणि ते इथे ठासून सांगायला हवं. आमच्या ओळखीत एक मुलगी बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत पार बदलली. बाळाकडे बघेना, भलतंच बोलायला लागली. बाळंतपणानंतर काही दिवसांत स्त्रीच्या शरीरातले दोन मोठे स्राव एकदम कोसळतात, कुणाकुणाचं मन त्यात बुडतं. तिला घरचे म्हणत, आई असून असं कसं वागते, णमोकार म्हण, मन घट्ट कर. तिला मन घट्ट करायला सांगणं म्हणजे ताप आलेल्याला अंग थंड कर म्हणणं. तिथे आधी डॉक्टर. पाप-पुण्याची भाषा तिथे हिंसाच आहे.

आणि याची उलटी बाजूही आपण बायकांनी ओळखावी. बाईनं रास्त कारणासाठी आवाज चढवला तरी घरात एकमेकांना डोळे मिचकावतात, पाळी आली असेल, नाहीतर जात असेल. पुरुषाच्या रागाला कारण असतं, बाईच्या रागाला ग्रंथी असते. माझ्या आजारात माझी थोडी कारणं खरी होती. तीही थायरॉईडबरोबर गोळीनं बरी झाली असं सगळ्यांनी धरलं. तेव्हा ग्रंथीचं नाव घेतलं म्हणजे नेहमी दयाच होते असं नाही. कधी तोंडही बंद केलं जातं.

पण मला सगळ्यांत जास्त टोचलं ते वेगळंच. ग्रंथीचं ज्ञान आम्ही घरात वाटलं कसं? माझ्या जिभेला ते माफी म्हणून मिळालं. तिच्या कुशीला मिळालं नाही. माझा राग म्हणजे आजार, तिचं मूल नसणं म्हणजे मागच्या जन्मीचं कर्म, नाहीतर तिचाच काही दोष. खरं तर जिभेवर माणसाचा थोडा तरी ताबा असतो, बीजकोशावर अजिबात नाही. आम्ही बरोबर उलटं केलं होतं. आणि भाऊजींची तपासणी पहिल्यांदा झाली ती लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, हे सांगितलं की पुढचं सांगायला नको.

एक शंका अजून सुटलेली नाही. रागाचं श्रेय ग्रंथीला द्यायचं नाही, तर शांतपणाचं तरी मी का घ्यावं? आज मी चार माणसांत समजूतदार म्हणून ओळखली जाते. रोज सकाळची ती छोटी गोळी दोन-तीन महिने बंद केली तर ही समजूत कितपत उरेल? सासूबाई जन्मभर शांत होत्या, ते त्यांच्या सामायिकाचं फळ की गळ्यातल्या पंधरा-वीस ग्रॅमचं? ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आच कमी आहे तोवर भांडं घासून घ्या काकू." उत्तर नाही म्हणता येणार हे. पण मी घासते आहे.

पुढच्या वर्षीच्या क्षमावणीला कागद नेला नाही. ती तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसले आणि माघातल्या संध्याकाळी जे बोलले होते ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा उच्चारलं, मधला एकही शब्द न गाळता, आणि म्हटलं, हे मी बोलले. फार अवघड गेलं. काही चुकलं असेल तर, यापेक्षा कितीतरी अवघड.

ती "हं" म्हणाली. खडा सापडला तो बाजूला टाकला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिनंच विचारलं, "टीएसएच किती आलंय परवाचं?"

"1.8," मी म्हटलं. "तुझे रिपोर्ट?"

"मी बंद केलंय की ओ अक्का सगळं. त्या माघापासूनच."

एकाच स्वयंपाकघरात होतो आम्ही. मला माहीत नव्हतं.